खिडकीचं पाकीट

रोसविटाबाई लोझे यांनी आयुष्यात एकही शिक्का वाकडा मारला नव्हता. आल्टेनफेल्सच्या नगरपालिकेत जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि आमच्या गावातल्या निम्म्या लोकांच्या लग्नाच्या दाखल्यावर त्यांच्याच हातचा शिक्का आहे. त्यातली बरीच लग्नं पुढे मोडली. शिक्क्यांबद्दल मात्र कुणाची तक्रार नाही.

निवृत्तीनंतर बाईंनी बाग करावी, मांजर पाळावं, झालंच तर नवऱ्याबरोबर समुद्रावर जाऊन यावं, असं गावाला वाटत होतं. त्याऐवजी त्या दोन बॅगा घेऊन टेकडीवरच्या राज्यात राहायला गेल्या.

टेकडीवर खाणकामगारांच्या छातीच्या विकारांसाठी बांधलेलं एक जुनं आरोग्यधाम आहे. खाण बंद पडली, तसं तेही बंद पडलं. तिथे आता ओर्टविन पहिला राज्य करतो. ओर्टविन पूर्वी बाजारपेठेत न्हाणीघराच्या फरशा विकायचा. धंदा बसला, करखात्याची पत्रं येऊ लागली, आणि एका रात्रीत त्याला शोध लागला की करखातं नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. धंदा बुडालेल्या माणसाला असा शोध लागावा, यात नवल नाही. त्याच्यापाठोपाठ आणखी त्रेसष्ट माणसांना तो लागला, याचं मला अजून नवल वाटतं.

शोध थोडक्यात असा होता. महायुद्धानंतर आपला देश पुन्हा झालाच नाही. ज्याला लोक देश म्हणतात ती एक कंपनी आहे. महापौर तिचा शाखाधिकारी, पोलीस तिचे रखवालदार, आणि खिशातलं ओळखपत्र म्हणजे कंपनीच्या नोकराचा बिल्ला. कंपनी पत्रं पाठवते ती खिडकीच्या पाकिटातून, म्हणजे समोर पारदर्शक कागद लावलेला असतो आणि त्यातून आतला नाव-पत्ता दिसतो, तसल्या. असं पाकीट फोडलं की करार झाला. मग माणूस सुटत नाही. सबब, फोडायचं नाही. साध्या पाकिटातलं पत्र बिनधास्त वाचावं, ते माणसाने माणसाला लिहिलेलं असतं.

ओर्टविनने एका रविवारी आरोग्यधामाच्या भोजनगृहात स्वतःच्या हाताने स्वतःला राज्याभिषेक केला. मुकुट एका नाटक मंडळीच्या लिलावातून आणला होता. इमारतीचे दरवाजे बुटके असल्यामुळे महाराज तो फक्त बसल्यावर घालतात.

रोसविटाबाईंकडे राज्याचं टपालखातं आलं. कचेरी जुन्या क्ष-किरणांच्या खोलीत. सकाळी पिवळ्या गाडीतून टपालवाली यायची आणि फाटकाशी पिशवी ठेवून जायची. बाई पाकिटं वेगळी करायच्या. साधी एका बाजूला, खिडकीची दुसऱ्या बाजूला. खिडकीतलं नाव वाचणंसुद्धा अर्धा करार मानला जाई, म्हणून बाईंनी स्वतःच्या डोक्याने एक पुठ्ठ्याचा तुकडा कापून घेतला होता. तो खिडकीवर ठेवायचा, आणि त्याच्या बरोबर खाली, कडेपासून दोन बोटं सोडून, शिक्का मारायचा : अमान्य. आमचा तुमच्याशी करार नाही. परत.

दिवसाला पंधरा-वीस पाकिटं परत जात. शिक्के पाहून कंपनीलाही हेवा वाटावा.

कागदपत्रांना कंटाळून ही सगळी माणसं टेकडी चढली होती. वर्षभरात राज्यात एक्केचाळीस प्रकारचे अर्ज झाले, त्यातले अडतीस रोसविटाबाईंनी तयार केले. गावात जायला गुलाबी अर्ज, पाहुणा आणायला निळा. स्वयंपाकघरातली गुंडुला बटाटे सोलता सोलता रोज म्हणायची, "खाली होते तेव्हा आईला भेटायला नुसती बस लागायची, आता अर्जही लागतो. तोही तीन प्रतींत!"

"मग भर की," रोसविटाबाई म्हणायच्या. "तीन प्रती म्हणजे काय डोंगर आहे?"

"भरला हो. महाराज म्हणाले, तुझी आई वृद्धाश्रमात राहते, म्हणजे कंपनीच्या जागेत. आधी तिला तिथून सोडवू. दीड वर्ष झालं, सोडवतायत."

रोसविटाबाई काही भोळ्या नव्हत्या. त्या का गेल्या, हे गावाला कळलं नाही, कारण गाव टिलची गोष्ट विसरून गेलं होतं.

टिल त्यांचा मुलगा. सात वर्षांचा असताना मेंदूज्वराने तीन दिवसांत गेला. मृत्यूची नोंद बाईंच्याच खात्यात व्हायची होती. नियमाप्रमाणे ती त्यांना करता येत नव्हती, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या माणसाने केली. त्याचा हात थरथरला आणि शिक्का जरा तिरपा पडला. बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी दाखला पुन्हा करून घेतला.

त्यानंतरच्या सोळा-सतरा वर्षांत लोक त्यांच्याशी पुष्कळ चांगलं बोलले. धीर धरा म्हणाले, काळ हेच औषध म्हणाले. त्या दाखल्याविरुद्ध मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. तो ओर्टविनने काढला. फरशांच्या रिकाम्या दुकानातल्या एका सभेत तो म्हणाला, "कंपनीच्या कागदावर मेलेला माणूस कंपनीपुरता मेला. माझ्या राज्याच्या दफ्तरातून त्याचं नाव कमी झालेलं नाही." बाईंना ठाऊक होतं की टिल गेला. पण ते वाक्य ऐकून त्या घरी गेल्या आणि खूप वर्षांनी रात्रभर झोपल्या.

महाराजांनी टिलला राज्याचं पारपत्र दिलं. क्रमांक चौसष्ट. फोटो शाळेच्या पहिल्या दिवसाचा, हातात आमच्याकडे त्या दिवशी मुलांना देतात तो, खाऊने भरलेला त्याच्याएवढाच कागदी शंकू. रकाने बाईंनी स्वतः भरले. उंचीपुढे त्यांनी एक मीटर एकवीस असं लिहिलं.

त्यांचा नवरा डेटलेफ बस चालवायचा. तोंडाने मिनिटाला तीन शब्द आणि तेही बहुतेक थांब्यांची नावं. त्या निघाल्या तेव्हा त्यानेच बॅगा फाटकापर्यंत आणून दिल्या. "रोझी, वर हीटर चालतो का?" एवढंच विचारलं. सहा महिन्यांनी एकदा येऊन फाटकावर ओरडला, त्याची राज्यात परकीय उपद्रव म्हणून नोंद झाली. बाईंनी त्याला कळवलं की पत्रं पाठवू नकोस. त्याने पाठवली नाहीत. तो तसाच माणूस होता, सांगितलेलं ऐकणारा.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाई गुलाबी अर्ज भरून टिलच्या कबरीवर जात. सप्टेंबरात गेल्या, तर दगडावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. कृपया दफनभूमीच्या कार्यालयाशी संपर्क साधावा.

एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आमच्याकडे मेलेल्या माणसालाही जागा मुदतीने मिळते. लहान मुलाची वीस वर्षं. मुदत संपत आली की कार्यालय ज्याच्या नावावर जागा असेल त्याला लिहितं. त्याने सही केली तर वाढते, नाहीतर दगड काढून जमीन सपाट करतात आणि गवत पेरतात. जागा बाईंच्या नावावर होती, कारण घरातले सगळे कागद त्याच करायच्या. चिठ्ठी लावण्याआधी कार्यालय निदान एक-दोन पत्रं पाठवतं, हेही त्यांना माहीत होतं. ती पत्रं कुठे गेली असतील, याचा विचार करत त्या टेकडी चढल्या, आणि दमल्या म्हणून मध्ये दोनदा बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सात नंबरचा अर्ज भरला. विनंती, वैयक्तिक. महाराजांनी दुपारच्या कॉफीच्या वेळी बोलावलं. समोर बेदाण्यांचा केक होता.

"सही केलीत तर काय होईल, ठाऊक आहे ना?" महाराज म्हणाले.

"करार होईल."

"नुसता करार? टिलच्या बाबतीत करार. म्हणजे तुम्ही कबूल केलंत, की तो कंपनीच्या दाखल्याप्रमाणे... तसा आहे. मग ते पारपत्र मला रद्द करावं लागेल. माझा इलाज नाही बाई, कायदा सगळ्यांना सारखा."

"मग ती जागा सपाट होऊ द्यायची का महाराज?"

"कोण करतंय सपाट! बघतोच मी." महाराजांनी तोंडातला घास संपवला. "ती जागाच आपण राज्याला जोडून घेऊ. किती लांब-रुंद आहे?"

"दीड मीटर लांब. रुंदीला साठ सेंटिमीटर."

"पुरे आहे," महाराज म्हणाले.

आठवड्याभरात फर्मान निघालं. दफनभूमीची तिसरी ओळ, नळापुढे, कुंपणाकडून चौथी जागा, ही आजपासून राज्याचा अविभाज्य भाग असून तिथे परकीय फावड्यास प्रवेश नाही. मसुदा बाईंचाच होता. लाखेची मोहर, लाल फीत. एक प्रत पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये बंद करून, काठीला लावून बाई स्वतः कबरीवर रोवून आल्या. कितीतरी दिवसांनी त्या गुंडुलाच्या विनोदांना हसल्या.

आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी पिशवीत पाकीट आलं. इतर पाकिटांपेक्षा किंचित जाड.

बाईंनी त्यावर पुठ्ठा ठेवला. मग काढला. तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच खिडकीत पाहिलं. वरच्या बारीक ओळीत दफनभूमी कार्यालय, खाली श्रीमती रोसविटा लोझे.

त्यांनी शिक्का खाली ठेवला. मग पाकीट घेऊन महाराजांकडे गेल्या. महाराज पायऱ्यांवर गंजलेली बिजागरी काढत होते.

"हे आलंय."

"येणारच. घाबरले ते. फर्मान पाहिल्यावर दुसरं काय करणार, बिचारे वाटाघाटी करायला बघतायत."

"एकदा वाचून बघितलं तर? नुसतं वाचायचं. सही नाही करायची."

"बाई, हा नियम कुणी लिहिलाय?"

नियम बारावा बाईंनीच लिहिला होता. चांगला लिहिला होता, त्यात पळवाट नव्हती.

"फोडलंत तर फर्मान रद्द," महाराज म्हणाले, आणि पेचकस मागितला. "एका जागेवर दोन सत्ता चालत नाहीत. बघा बुवा, तुमचा मुलगा आहे. मी आपलं सांगायचं काम केलं."

बाई कचेरीत परत आल्या. एका बाजूला लाखेची मोहर असलेलं फर्मान होतं, पारपत्र क्रमांक चौसष्ट होतं. दुसऱ्या बाजूला एक पाकीट, ज्यात पुन्हा तेच लिहिलेलं असणार. त्यांनी पुठ्ठा ठेवला, कडेपासून दोन बोटं मोजली आणि शिक्का मारला. सरळ पडला.

नोव्हेंबरच्या शेवटाकडे मृतांचा रविवार येतो. त्याच्या आदल्या आठवड्यात गावातले सगळे कबरींवर सुरूच्या फांद्या पसरून त्यांना थंडीसाठी झाकून ठेवतात. बाई गुरुवारी गेल्या. काखेत फांद्यांची जुडी, पिशवीत लाल मेणबत्ती. तिसरी ओळ, नळापुढे, कुंपणाकडून चौथी.

तिथे दाताळं फिरवलेली माती होती, वर गवताचं बी. दोन्ही बाजूंच्या कबरी जागच्या जागी होत्या, त्यामुळे जागा चुकली असं म्हणायलाही वाव नव्हता. फर्मान काठीसकट पुसून नळाशेजारी ठेवलेलं होतं. आमच्या दफनभूमीचा माळी टापटिपीचा माणूस आहे.

बाई जुडी धरून उभ्या राहिल्या. फांद्या कुठे ठेवायच्या ते त्यांना कळेना. बियांवर ठेवल्या असत्या तर बी दडपलं असतं. शेवटी त्यांनी त्या शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याच्या कबरीवर नीट पसरल्या आणि गावात कार्यालयाकडे निघाल्या. गुरुवारी ते सहापर्यंत उघडं असतं.

टेबलामागे आनेट होती. वीस वर्षांपूर्वी ती उमेदवार म्हणून बाईंच्या हाताखाली आली होती. शिक्का कसा धरायचा इथपासून बाईंनी तिला शिकवलेलं.

"लोझेबाई! अहो, बसा ना. कोट तरी काढा."

"टिलची जागा सपाट केलीत."

आनेटने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "गेल्या सोमवारी. मी माळ्याला दोन दिवस थांबवून ठेवला होता. त्यापुढे माझ्या हातात नव्हतं हो."

"मला कुणी..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

आनेटने कपाटातून फाईल काढली. तीन पाकिटं होती. तिन्हींवर खिडकीखाली, कडेपासून दोन बोटांवर, शिक्का. एकावर एक ठेवली असती तर केसाचाही फरक पडला नसता.

"मी बघितल्याबरोबर ओळखलं," आनेट म्हणाली. "इतका सरळ शिक्का तुमच्याशिवाय कुणाचा! एक आलं, दोन आली. तिसरं पण आलं. मला वाटलं, बाईंनी विचार करूनच मारला असेल. तुम्ही कधी उगाच मारत नव्हतात."

"फोडलं नाहीत?"

"परत आलेलं पाकीट फोडायचं नाही, तसंच फाईलला लावायचं. तुम्हीच शिकवलंत ना?"

बाईंनी तिच्याकडून पाकीट फोडायची सुरी घेतली आणि तिसरं पाकीट उघडलं. पत्र अर्ध्या पानाचं होतं. टिल लोझे याच्या जागेची मुदत दहा वर्षं वाढवण्यास मंजुरी असून शुल्क श्री. डेटलेफ लोझे यांनी भरलेलं आहे. नियमाप्रमाणे सोबतच्या कागदावर आपली फक्त सही हवी. पंधरा नोव्हेंबरच्या आत.

सोबतच्या कागदाला एक चिठ्ठी टाचलेली होती. बसच्या जुन्या वेळापत्रकाच्या मागच्या बाजूवर, डेटलेफच्या मोठ्या अक्षरात.

'रोझी, सगळं झालंय. माझी सही चालत नाही म्हणतात. माझं पत्र तू घेणार नाहीस, पण कचेरीचं पत्र तू जन्मात कधी न वाचता ठेवलं नाहीस, म्हणून आनेटला यात घालायला सांगितलं. पेन्सिलने फुली केलीय तिथे सही कर. डे.'

फुली होती. दोनदा गिरवलेली.

"आता केली तर?" बाईंनी विचारलं.

"आता नाही चालत, लोझेबाई. नोंद कमी झाली." आनेट उठून त्यांच्या खुर्चीजवळ आली. "तो तिथेच आहे. त्याला कुणी हलवलेलं नाही. नुसतं वर गवत आहे."

रोसविटाबाई रडल्या. दाखला पुन्हा करून घेतला त्या दिवशी रडल्या नव्हत्या, ते सगळं मिळून रडल्या. कंपनीने नाही, महाराजांनीही नाही, ती जागा त्यांनी स्वतःच्या हाताने घालवली होती, आणि हाताला त्याचा चांगला सराव होता. बाहेर रांगेत दोन माणसं होती. आनेटने दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने बाईंनी दगडाचं विचारलं.

"मागच्या शेडमध्ये ठेवलाय. डेटलेफकाका टेम्पो घेऊन आले होते. मग म्हणाले, तिला विचारल्याशिवाय नको, आणि रिकामाच टेम्पो घेऊन गेले. न्यायचा असेल तर इथे सही लागेल."

नुसतं नाव-आडनाव कंपनीचं मानलं जाई, म्हणून राज्यात बाई लाल शाईने 'लोझे घराण्यातील जिवंत स्त्री रोसविटा' अशी सही करत. त्यांनी आनेटचं निळं पेन घेतलं आणि रोसविटा लोझे असं लिहिलं. "डेटलेफला सांग, घेऊन जा म्हणावं. परसात ठेव, मी येतेच आहे. उद्याचं टपाल तेवढं बघते आणि येते."

शुक्रवारी पिशवीत अकरा खिडकीची पाकिटं होती. बाईंनी पुठ्ठ्याचा तुकडा टोपलीत टाकला, स्वयंपाकघरातून पाव कापायची सुरी आणली आणि पहिलं पाकीट फोडलं. एकाच्या कुत्र्याचा कर. दुसरं, दूरदर्शनचं शुल्क. तिसरं दोन पानी होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं, घडी न घालता उचललं आणि निघाल्या.

मधल्या वाटेत महाराज भेटले, बिनमुकुटाचे.

"बाई, हातात काय?"

"टपाल."

"उघडं?"

"हो, महाराज."

महाराजांनी कागदाकडे पाहिलं. "कोणत्या अर्जानुसार?"

"त्याचा अर्ज नाही," बाई म्हणाल्या. "मी केलाच नव्हता."

महाराज तिथेच उभे राहिले. बाई स्वयंपाकघरात गेल्या. शुक्रवारचं जेवण म्हणजे उकडलेले बटाटे, चक्का आणि वर जवसाचं तेल. गुंडुला बादलीवर वाकून सोलत बसली होती.

"गुंडुला, हात पूस."

"का? काय झालं? हे काय, खिडकीचं? अगं बाई, ठेवा ते खाली! करार होईल ना!"

"झाला तर माझा होईल. मी फोडलंय." बाईंनी कागद तिच्यापुढे धरला. "तुझी आई दवाखान्यात आहे. दुसरा मजला, खोली बारा. तुझं नाव घेतेय, लवकर या असं लिहिलंय. पत्र मंगळवारचं आहे."

गुंडुलाच्या हातातला बटाटा बादलीत पडला. "मंगळवार... म्हणजे आता..."

"आता बस दहा चाळीसला आहे," रोसविटाबाई म्हणाल्या, आणि खुंटीवरचा तिचा कोट काढून तिच्या अंगावर घातला. "ऊठ. अजून वेळ आहे."